मूक कोण? कर्णबधिर बालकाचे कुटुंब आणि भाषेचा अधिकार

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक प्रसिद्ध केला. ज्या समाजासाठी हे पत्र निघाले त्या समाजाला वाणी नव्हती असे नाही. त्याच्या ओव्या, अभंग, जलसे गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घुमत होते. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र नव्हती. मूकपण हे अनेकदा जन्माने येत नाही, समाजव्यवस्था ते लादते, हा अर्थ त्या नावात सामावलेला आहे. कर्णबधिर बालकांचा प्रश्न समजून घेताना हाच अर्थ आम्हांस सर्वांत उपयोगी वाटतो.

आमच्या निवासी विद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक प्रवेशाच्या दिवसांत भेटतात, तेव्हा एखादी माता हळूच विचारते, “गुरुजी, याचा धाकटा भाऊ मुका-बहिरा आहे. त्याला कुठे ठेवावे?” या प्रश्नात काळजी असते, तसाच एक गैरसमजही असतो. ते मूल ‘मुके’ नसते. त्याचा कंठ, जीभ, स्वरयंत्र सहसा निर्दोष असते. त्याला ऐकू येत नाही, म्हणून ऐकून शिकायची भाषा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. डोळ्यांनी शिकता येणारी भाषा घरात कोणाला येत नाही, म्हणून तीही पोहोचत नाही. बहिरेपण शरीराचे आहे, परंतु मुकेपण परिस्थितीने घडविलेले आहे. परिस्थिती बदलता येते, हा विश्वास पालकांना देणे आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्या साधनांची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

इतिहासाची साक्ष

प्राचीन काळापासून अनेक समाजांनी बधिर माणसाला अपूर्ण माणूस मानले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर, वेडे आणि मुके यांना वारसाहक्कातून वगळले आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे सांगितले आहे, मात्र वाटा दिलेला नाही. पोटाला घास आणि अधिकाराला नकार, ही रीत आमच्या समाजाला अपरिचित नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले, त्यामागे अशाच तरतुदींविरुद्धचा संताप होता. स्वातंत्र्यानंतर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 28 ने रोग, व्यंग किंवा विकृती या कारणास्तव कोणालाही वारसाहक्क नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. “त्याला काय कळते, सही कोण करणार?” असे म्हणून बधिर मुलाचे वा मुलीचे नाव सातबाऱ्यावर न लावणाऱ्या भाऊबंदांना हे सांगणे आवश्यक आहे.

युरोपातही मालमत्तेच्या प्रश्नातूनच बधिरांच्या शिक्षणाला चालना मिळाली. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन या धर्मगुरूने सरदार घराण्यांतील बधिर मुलांना लिहिण्या-बोलण्यास शिकविले. श्रीमंतांच्या मुलांना भाषा मिळाली, ती अशी. गरिबांच्या मुलांना त्यासाठी सुमारे दोनशे वर्षे थांबावे लागले. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी गरीब बधिर मुलांसाठी विनामूल्य शाळा चालविली. पॅरिसमधील बधिर माणसे आपापसांत ज्या खुणा वापरीत होती, त्या त्यांनी स्वतः शिकून घेतल्या आणि त्यांच्या आधारे अध्यापन केले. शिक्षकाने विद्यार्थ्याची भाषा शिकावी, हा विचार त्या काळात क्रांतिकारक होता. याच शाळेत घडलेले लॉरां क्लेर्क हे बधिर शिक्षक पुढे अमेरिकेस गेले आणि 1817 साली हार्टफर्ड येथे सुरू झालेल्या शाळेत त्यांनी अध्यापन केले.

ही वाटचाल सरळ राहिली नाही. 1880 साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणासंबंधी परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा वर्ज्य करून केवळ तोंडी बोलण्याचे शिक्षण द्यावे, असा ठराव तिने केला. 164 प्रतिनिधींच्या त्या परिषदेत स्वतः बधिर असलेला प्रतिनिधी एकच होता. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय व्हावयाचा, त्यांनाच सभेत स्थान नसावे, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. या ठरावानंतर अनेक देशांतील बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांचे हात बांधून ठेवण्यापर्यंत काही ठिकाणी मजल गेली. 2010 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारले आणि त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. तोपर्यंत 130 वर्षे उलटली होती.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत, हे विसाव्या शतकात शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले. 1960 साली विल्यम स्टोकी या अभ्यासकाने अमेरिकी सांकेतिक भाषेला बोलीभाषांप्रमाणेच स्वतःची रचना असल्याचे दाखविले. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात 1970 च्या दशकाअखेरीस बधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत एकत्र आली. त्यांना शाळेत तोंडी भाषा शिकविली जात होती, पण मैदानात व प्रवासात त्यांनी परस्परांशी बोलण्यासाठी स्वतःची एक भाषा निर्माण केली. पुढच्या लहान मुलांनी ती अधिक समृद्ध केली. मुलांना एकत्र येऊ दिले की ती भाषा घडवितात, आणि एकेकटी ठेवली की ती मूक होतात, असा बोध या घटनेतून मिळतो.

आपल्याकडे मुंबईत 1885 च्या सुमारास आणि कलकत्त्यात 1893 साली बधिरांच्या शाळा सुरू झाल्या. 1983 साली मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. श्रवणदोषांची तपासणी, उपचार आणि विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण ही कामे ती करते. 2015 साली नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राने तयार केलेल्या शब्दकोशात 2018 साली 3,000 शब्द होते, 2021 पर्यंत ते 10,000 झाले. हा कोश चित्रफितींच्या रूपात असून भ्रमणध्वनीवर विनामूल्य पाहता येतो.

दोष कोणाचा?

बधिर मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न “उपाय काय?” हा नसतो, तर “कोणाच्या पापाने?” हा असतो. बहुधा बोट मातेकडे वळते. गरोदरपणी ग्रहण पाहिले, नवस फेडला नाही, पूर्वजन्मीचे भोग आहेत, असे बोलले जाते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते या कल्पनेची कठोर चिकित्सा केली आहे. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांच्या घरात तरी या कल्पनेला थारा नसावा.

कारणे शोधावयाची तर ती शरीरशास्त्रात शोधावीत. आनुवंशिकता, जवळच्या नात्यातील विवाह, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, बाळाचे अत्यंत कमी वजन, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही औषधांचे दुष्परिणाम ही त्यांतील प्रमुख कारणे होत. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा आपल्या भागात अजून टिकून आहे. तिचा पुनर्विचार व्हावयास हवा. गोवर-रुबेलाची लस शासकीय केंद्रांत मोफत मिळते. कित्येकदा कोणतेही कारण सापडत नाही. तरीही एक गोष्ट निश्चित असते. अंगारे-धुपाऱ्यांत घालविलेली वर्षे मुलाच्या भाषेच्या वयातून वजा होतात.

लवकर तपासणी

बालकाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत भाषा ज्या सहजतेने आत्मसात करतो, ती सहजता पुढे राहत नाही. म्हणून तज्ज्ञांनी एक सूत्र घालून दिले आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार व भाषेचा प्रारंभ. नवजात बाळ झोपेत असताना कानात लहानशी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी ‘ओएई’ ही चाचणी, आणि तीत शंका आली तर ‘बेरा’ ही चाचणी, दोन्ही वेदनारहित आहेत.

घरात थाळी वाजवून पाहिली, मूल वळले, म्हणून ऐकू येते, असा निष्कर्ष पालक काढतात. तो धोक्याचा आहे. मूल थाळीच्या आवाजाची कंपने जाणून किंवा हालचाल पाहून वळते. त्याच मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ ही बोलण्यातील सूक्ष्म व्यंजने ऐकू येत नसण्याची शक्यता असते. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने पाहत नसेल, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देत नसेल, तर “याचे बापही उशिरा बोलले होते” असे म्हणून थांबू नये.

2013 पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्यांच्याकडून मुलांना जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांची मुले या तपासणीतून नेमकी सुटतात. अशा पालकांनी गाव सोडण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेकडे व आशाताईंकडे मुलाची नोंद अवश्य करावी.

यंत्र, शस्त्रक्रिया आणि त्यांची मर्यादा

श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे नाही. चष्मा लावताच स्पष्ट दिसते, पण यंत्र लावताच शब्द कळत नाहीत. आवाज मोठा होतो, त्याचा अर्थ मात्र सरावाने लागतो. यंत्राचा कानातील साचा मूल वाढेल तसा बदलावा लागतो, अन्यथा शिटीसारखा आवाज येतो आणि मूल यंत्र काढून फेकते. पावसाळ्यात यंत्र दमट होऊ नये म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद डबीत ठेवावे. बॅटरी संपल्याचे लहान मूल सांगू शकत नाही. ती रोज सकाळी तपासणे हे आईबापांचे काम आहे.

केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत श्रवणयंत्रे मिळतात आणि लहान वयाच्या पात्र बालकांच्या कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेलाही साहाय्य मिळते. शस्त्रक्रियेच्या साहाय्याचे काम वांद्रे येथील राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. मात्र शस्त्रक्रिया हा शेवट नसून आरंभ आहे. त्यानंतर कित्येक वर्षे नियमित वाचाउपचार घ्यावे लागतात, बाहेरील यंत्राचे सुटे भाग बदलावे लागतात. उपचारकेंद्र तालुक्यापासून शंभर किलोमीटरवर असेल आणि एका दिवसाची मजुरी बुडवून तेथे जावे लागत असेल, तर हा हिशोब आधीच करावा आणि डॉक्टरांना तो स्पष्टपणे विचारावा.

येथे आमचा एक आग्रह आहे. यंत्र येईपर्यंत, शस्त्रक्रियेचा क्रमांक लागेपर्यंत, वाचाउपचारांना फळ येईपर्यंत मुलाला भाषेविना ठेवू नये. “खुणा शिकला तर बोलणार नाही” ही भीती पालकांच्या मनात घातली जाते. दोन भाषा ऐकत वाढणारे मूल जसे दोन्ही शिकते, तसेच खुणांची भाषा आलेले मूल बोली व लेखी मराठीही शिकू शकते. खुणांच्या भाषेमुळे त्याला शिकण्यासाठी पाया मिळतो.

घरातील भाषा

दहापैकी नऊहून अधिक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. इतर मुले भाषा घरात शिकतात. या मुलाच्या बाबतीत मात्र घरालाच ती प्रथम शिकावी लागते. कर्णबधिरांच्या निवासी शाळेत राहणारे मूल तेथील सवंगड्यांत भराभर खुणा शिकते, हसते, भांडते, गोष्टी सांगते. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी येते तेव्हा त्याला जेव, झोप, चल, नको एवढ्यापलीकडे कोणी काही बोलत नाही. घरात आजी वारली तर ती कोठे गेली, हेही त्याला कोणी सांगत नाही. ती दिसेनाशी होते एवढेच त्याला कळते. भरल्या घरात असे एकटेपण वाट्याला येणे, हीच खरी वंचना होय.

यावर खर्चिक उपाय लागत नाहीत. मुलाशी बोलताना उजेड आपल्या चेहऱ्यावर असावा, पाठीमागे नव्हे. खांद्याला हळुवार स्पर्श करून किंवा दिवा उघडझाप करून त्याचे लक्ष वेधावे. घरातील प्रत्येक माणसाला एक खूण-नाव द्यावे. पाणी, भाकरी, दूध, दुखते, भीती वाटते, उद्या, काल, का, कोण, या शब्दांच्या खुणांपासून प्रारंभ करावा. भारतीय सांकेतिक भाषेतील खुणा चित्रफितींवरून शिकाव्यात, म्हणजे घरची खूण आणि शाळेची खूण एक राहील. बाजाराला जाण्यापूर्वी कोठे जातो आहोत हे सांगावे. जेवताना झालेली चर्चा, पाहुण्यांचे हसणे, शेजारचे भांडण, हे सारे त्याला थोडक्यात समजावून द्यावे. भिंतीवर वस्तूंची नावे मराठीत लिहून लावावीत. आई एकटी शिकली तर ओझे तिच्यावर पडते. वडील, आजोबा, भावंडे यांनीही शिकणे अगत्याचे आहे. आमच्या विद्यालयातील ज्या विद्यार्थ्यांची भावंडे कर्णबधिर आहेत, त्यांनी यात पुढाकार घ्यावा. लहान वयात भाषा लवकर येते आणि भावंडांचे ऐकले जाते.

भाषा ही मुलाची सुरक्षितताही आहे. ज्या मुलाला शरीराच्या अवयवांची नावे, ‘चांगला स्पर्श’, ‘वाईट स्पर्श’, ‘कोणी केले’ हे सांगता येत नाही, त्याच्यावर अत्याचार करणाऱ्यास भय उरत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यात अशा बालकाचा जबाब व साक्ष नोंदविताना दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद आहे. परंतु दुभाष्याला अनुवाद करण्यासाठी मुलाजवळ भाषा असावी लागते. ती घरातून व शाळेतून द्यावी लागते.

दाखला, कायदा आणि शाळा

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा प्रत्येक पालकाने समजून घ्यावा. दोन्ही कानांत 70 डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’ आणि 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेली ‘ऐकण्यास कठीण’ अशी त्यात व्याख्या आहे. 40 टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की पुढील हक्कांची दारे उघडतात. वैश्विक ओळखपत्रासाठी केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. आधारपत्र, छायाचित्र, रहिवासाचा पुरावा आणि तपासणीचे जुने कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत, दलालास पैसे देऊ नयेत.

कायद्याच्या कलम 31 प्रमाणे 6 ते 18 वर्षे वयाच्या अशा बालकाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा अधिकार आहे. कलम 17 नुसार सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करणे व नेमणे हे शासनाचे कर्तव्य आहे. उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी 5 टक्के, तर शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव असून नोकऱ्यांपैकी 1 टक्का बधिर व ऐकण्यास कठीण असलेल्यांसाठी आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची चौकशीही स्वतंत्रपणे करावी. बोर्डाच्या परीक्षेतील जादा वेळ व इतर सवलतींसाठी शाळेमार्फत मुदतीत अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात 2022 च्या अखेरीस दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला आहे. जिल्हा परिषदेतही या योजनांची माहिती मिळते.

शाळा निवडताना इमारतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. शिक्षकांना खुणांची भाषा कितपत येते? शाळेत वा वसतिगृहात स्वतः बधिर असलेली मोठी माणसे काम करतात काय? आठवीतले मूल मराठीचा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगू शकते काय? बधिर मुलाने शिकलेला, कमावणारा, संसार करणारा बधिर माणूस पाहणे फार मोलाचे आहे. आमच्या पिढीने बाबासाहेबांकडे पाहून जे धैर्य मिळविले, तसे धैर्य त्याला त्या माणसाकडे पाहून मिळते. सर्वसाधारण शाळेत घालावयाचे असल्यास विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतो, याची लेखी माहिती घ्यावी. नुसते पहिल्या बाकावर बसविणे म्हणजे समावेशन नव्हे.

संघटित होण्याची गरज

2011 च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही एका गावात अशी दोन-तीनच घरे असतात, आणि प्रत्येक घर आपले दुःख एकट्याने वाहते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा मंत्र येथेही तितकाच खरा आहे. तालुक्यातील पाच-सहा कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे. ज्याचे मूल मोठे आहे त्याने लहान मुलाच्या पालकांना दाखला कसा काढला, यंत्र कोठे दुरुस्त होते, कोणती शाळा बरी, हे सांगावे. मुलांनी त्या वेळी एकमेकांशी खेळावे. एखाद्या बधिर तरुणास मानधन देऊन खुणांचा वर्ग चालविण्यास बोलवावे, म्हणजे मुलांना भाषा आणि त्याला सन्मानाचे काम मिळेल. यासाठी वेगळी वास्तू लागत नाही. गावातील बुद्ध विहार रविवारी सकाळी वंदनेनंतर मोकळाच असतो.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. आपल्यापैकी कित्येक जण आज शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस म्हणून काम करीत आहेत. आपल्या कामाच्या गावात कर्णबधिर मुलाचे घर कोणते, हे शोधून काढावे. त्या मुलाची तपासणी झाली आहे काय, दाखला आहे काय, ते शाळेत जाते काय, आणि त्याच्या घरात त्याच्याशी बोलणारे कोणी आहे काय, हे चार प्रश्न विचारावेत. पहिल्या तिहींची व्यवस्था शासनाच्या योजनांतून होऊ शकेल. चौथ्यासाठी आपण स्वतः दहा खुणा शिकून त्या घरी पुन्हा जावे.